धावा, पण दमानं!

मैत्रिणींनो, मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणींना ते फक्त टीव्हीवर बघायचं प्रकरण वाटलं होतं. आता तसं राहिलेलं नाही. आमच्या कुळगावात सकाळी लवकर बाहेर पडा, कात्रप-शिरगावच्या रस्त्यांवर पंजाबी ड्रेसवर बूट घातलेल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या चार-दोन जणी दिसतीलच. कुणाला ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये एकदा तरी उतरायचं असतं, कुणाला वजन कमी करायचं असतं, तर कुणाला डॉक्टरांनी ‘आता शुगर सांभाळा’ असं बजावलेलं असतं.

महिला मंडळाच्या कामामुळे यातल्या अनेक जणींशी माझं बोलणं होतं आणि दर वर्षी तेच चित्र दिसतं. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा. नवे बूट, नवी बाटली. सुरुवातच अशी जोरात, की तिसऱ्या विजेच्या खांबाशी छाती भात्यासारखी वर-खाली! थांबायचं, धापा टाकायच्या, पुन्हा जोरात पळायचं. आठवडाभरात पोटऱ्या धरतात, पंधरा दिवसांत गुडघा कुरकुरतो आणि तिसऱ्या आठवड्यात बूट कपाटाखाली जातात. वर निष्कर्षही ठरलेला, ‘‘जाऊ दे गं, आपलं वय गेलं. हे आपलं काम नाही.’’

आज मला हाच निष्कर्ष खोडून काढायचा आहे. चूक तुमच्या वयाची नाही आणि तुमच्या शरीराचीही नाही. चूक आहे ती वेगाची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ही गत. जगातले चांगले लांब पल्ल्याचे धावपटू त्यांच्या सरावाचा बराच मोठा भाग मुद्दाम हळू धावतात. हृदयाचे ठोके फार वर जाऊ न देता, महिनोन् महिने. त्याला ते ‘पाया घालणं’ म्हणतात. घर बांधताना आपण आधी पाया भरतो आणि मग मजले चढवतो. शरीराचंही तसंच आहे.

हे शहाणपण आलं कुठून?

न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा एक माणूस होता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करत त्यानं ठरवलं, की आधी भरपूर अंतर दमछाक न होऊ देता धावायचं आणि वेगाचा सराव नंतर करायचा. त्याच्या आसपासची पोरं त्याच्याकडे शिकू लागली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेलनं ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गनं ५००० मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. गंमत बघा, ८०० मीटरची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते. पण स्नेल सरावात लांबच लांब अंतरं धावलेला होता! पुढे लिडियार्डनं मध्यमवयीन, पोट सुटलेल्या माणसांनाही हळूहळू पळायला लावलं. आज आपण ज्याला ‘जॉगिंग’ म्हणतो, ते जगभर पसरण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आपल्या दृष्टीनं याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे जर्मनीतले डॉ. अर्न्स्ट व्हॅन आकेन. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काही जणी दमून बसलेल्या दिसल्या आणि लगेच गहजब झाला. बायकांच्या शरीराला हे झेपत नाही, असं म्हणून ती शर्यतच काढून टाकली, ती थेट १९६० पर्यंत! व्हॅन आकेन याच्या अगदी उलट सांगत होते. त्यांचं म्हणणं असं, की नाडी फार चढू न देता लांबवर धावण्यासाठी बाईचं शरीर उत्तम आहे. १९७२ मध्ये धावताना मोटारीची धडक बसून त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले. तरी १९७३ मध्ये आपल्या वाल्डनील गावात त्यांनी फक्त स्त्रियांसाठी मॅरेथॉन भरवली. ऑलिंपिकमध्ये मात्र स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. ती अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली.

ठोके मोजून हळू धावण्याची पद्धत सर्वसामान्यांपर्यंत नेली ती अमेरिकेतल्या फिल मॅफेटोन यांनी. त्यांच्या सल्ल्यानं चालणारा मार्क अॅलन हा पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीचा खेळाडू. त्याला एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांत पळायची सवय. ठोके १५५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरल्यावर त्याच मैलाला सव्वाआठ मिनिटं लागू लागली. केवढा अपमान वाटला असेल! पण तो चिकटून राहिला. साधारण वर्षभरानं त्याच १५५ ठोक्यांवर तो मैल ५ मिनिटं २० सेकंदांत धावू लागला. पुढे हवाईतली अवघड ‘आयर्नमॅन’ शर्यत त्यानं १९८९ ते १९९५ या काळात सहा वेळा जिंकली.

कापूर आणि समई

हळू धावून वेग कसा वाढतो, हे कळायला आपल्या देवघरात डोकवा. कापूर भक्कन पेटतो, उजेड मोठा पाडतो आणि क्षणात संपतो. समई मंद जळते, पण रात्रभर तेवते. शरीराकडेही असं दोन तऱ्हेचं इंधन आहे. साखर म्हणजे कापूर. तिचा साठा थोडा, पण ती पटकन पेटते. चरबी म्हणजे समईतलं तेल. तिचा साठा भरपूर (ते काय, आपल्याला कुणी सांगायला नको!), पण तिला जळायला सावकाश वेळ आणि भरपूर प्राणवायू लागतो.

सुटत असलेली लोकल पकडायला पुलाच्या पायऱ्या उतरून आपण धावतो, तेव्हा कापूर जळतो. डब्यात शिरल्यावर दोन मिनिटं बोलता येत नाही. रोजच्या सरावात असंच धावलं, तर शरीर फक्त कापूर जाळायला शिकतं. पण बोलता बोलता धावता येईल इतक्या संथ गतीनं अर्धा-पाऊण तास गेलं, तर ते तेलावर चालायला शिकतं.

आणखीही बरंच घडतं. हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जाऊ लागतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. स्नायूंमध्ये केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या छोट्या भट्ट्या असतात, त्या वाढतात. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. हाडं आणि स्नायूंना जोडणारे दोर यांना घट्ट व्हायला मात्र दमापेक्षा जास्त दिवस लागतात. दम आधी वाढतो, गुडघा मागून येतो. म्हणूनच घाई करणाऱ्यांचे गुडघे दुखतात. हे सगळे बदल दिसायला आठवडे नाही, महिने लागतात. थेंबे थेंबे तळे साचे, हेच खरं.

हळू म्हणजे किती हळू?

सगळ्यात सोपी परीक्षा फुकट आहे. धावता धावता मैत्रिणीशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. एकट्या असाल तर सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. ‘सतरा त्रिक’शीच श्वास तुटला, तर वेग जास्त आहे, हळू व्हा किंवा चालायला लागा. (पाढाच येत नसेल, तर तो दोष धावण्याचा नाही!)

दुसरी रीत नाडी मोजण्याची. थांबल्याबरोबर अंगठ्याच्या रेषेत, मनगटावर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. ३३ ठोके आले, तर मिनिटाला १३२ झाले. थांबल्यावर नाडी भराभर उतरते, म्हणून लगेच मोजायचं. हातात ठोके दाखवणारं घड्याळ असेल तर बरंच, नसलं तरी काही अडत नाही.

मर्यादा किती ठेवायची? मॅफेटोन यांचा हिशेब असा: १८० मधून आपलं वय वजा करायचं. नव्यानं सुरुवात करत असाल, वरचेवर सर्दी-खोकला होत असेल किंवा दुखापत असेल, तर आणखी पाच कमी. मोठ्या आजारातून उठलेल्या किंवा नियमित औषधं घेणाऱ्यांनी दहा कमी. म्हणजे बेचाळीस वर्षांच्या, नव्यानं पळू लागलेल्या बाईची मर्यादा १३३. हा ढोबळ अंदाज आहे, दगडावरची रेघ नव्हे. पाढा म्हणताना दम लागत असेल, तर आकडा काहीही सांगो, हळू व्हा.

व्यायामशाळेतल्या तक्त्यांवर ‘२२० वजा वय’ म्हणजे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके, असं लिहिलेलं असतं. बायकांच्या बाबतीत हा आकडा जास्त भरतो. अमेरिकेतल्या डॉ. मार्था गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५,४३७ निरोगी स्त्रियांचा अभ्यास करून २०१० मध्ये वेगळं सूत्र मांडलं: वयाला ०.८८ नं गुणायचं आणि ते २०६ मधून वजा करायचं. बेचाळिसाव्या वर्षी जुन्या हिशेबानं १७८ येतात, या हिशेबानं १६९. पुरुषांच्या मापाचा सदरा आपल्या अंगावर बसत नाही, तशातलाच हा प्रकार!

नाडी उतरतच नसेल तर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जणी म्हणतात, ‘‘मी नुसती भरभर चालले तरी ठोके दीडशेच्या वर जातात.’’ पहिले काही आठवडे असं होऊ शकतं. मग धावू नका, चालाच. पण दीड-दोन महिने नियमित चालूनही नाडी खाली येत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर ती शरीरानं दिलेली सूचना समजा.

आमच्या मंडळातल्या एकीचं असंच झालं. इतर जणी पुढे गेल्या आणि ही मात्र तिथल्या तिथेच. तिला वाटलं, आपणच आळशी. आम्ही तिला रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं साडेआठ! गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान बारा असायला हवं. रक्तच पातळ, मग प्रत्येक ठोक्यात प्राणवायू कमी पोचतो आणि बिचारं हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दर महिन्याला होणाऱ्या जास्त रक्तस्रावावरही उपचार झाले. काही महिन्यांनी तीच बाई आमच्या बरोबरीनं धावू लागली. इतकी वर्षं ती स्वतःला ‘मेली अशक्तच’ म्हणत होती. तो आजार होता, स्वभाव नव्हता.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! म्हणून धावायला लागण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्याच. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी नाडी चढते. उलट रक्तदाबावरच्या काही गोळ्या नाडी खाली धरून ठेवतात. त्या चालू असतील तर आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारा आणि पाढ्याची परीक्षा वापरा. चाळिशी उलटलेली असेल आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. धावताना छातीत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

काही दिवस विनाकारण नाडी जास्त दाखवते, त्याचीही कारणं असतात. रात्री झोप झालेली नसते, ताप येऊ घातलेला असतो. पाळी येण्याआधीच्या दिवसांत ठोके थोडे वाढलेले असतात. आणि आपल्या बदलापूरचा उन्हाळा! पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अंग थंड ठेवायलाच हृदयाला जादा काम पडतं. एप्रिल-मेमध्ये वेग पडला, म्हणून मन खट्टू करू नका. त्या दिवसांत उजाडता उजाडता निघायचं, पाणी प्यायचं आणि ठोके सांगतील तेवढंच धावायचं.

आपल्या लेकींकडे बघा

पायाचं महत्त्व समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यात वाढली, डोंगरवाटा पायांखाली घालत मोठी झाली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ असं नाव तिला उगाच मिळालं नाही.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरचा प्रवास तर आपल्या विषयाला फारच जुळणारा. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये ती २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं पहिली आली. पुढे ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची वेगवान शर्यत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. बेचाळीस किलोमीटरचा दम आधी आणि तीन किलोमीटरचा वेग नंतर, असा तिचा क्रम होता.

पदकं राहू देत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर आहे. डोक्यावर तुळस घेऊन सत्तरीच्या आज्या ते चालतात, तेही अभंग म्हणत म्हणत. बोलता-गाता येईल इतक्या गतीनं माणूस किती दूर जाऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

सुरुवात कशी करायची?

पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास. सुरुवातीला दहा मिनिटं चालायचं. मग दोन मिनिटं अगदी हलकं धावायचं, दोन मिनिटं चालायचं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा चालायचं. पुढचे चार आठवडे चाळीस मिनिटं. धावण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा, पण नाडी मर्यादेतच. नंतरचे चार आठवडे पाऊण तास आणि त्यातला एक दिवस तासभर. चढ आला की नाडी उडी मारते, तिथे खुशाल चालायचं. आमच्याकडे कोंडेश्वरच्या किंवा बारवी धरणाच्या रस्त्याला जाल, तर चढ लागतातच. तिथे चालण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र सामसूम रस्त्यांवर एकट्यानं जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा. गप्पाही होतील आणि बोलण्याची परीक्षाही आपोआप होईल. बूट चांगले हवेत आणि आतून घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्राही हवी. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, पण ती नसल्यामुळे कितीतरी जणी धावणं सोडून देतात.

महिन्यातून एकदा ठरलेल्या दोन किंवा तीन किलोमीटरवर नाडी तीच ठेवून किती मिनिटं लागली, ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. ठोके तेच आणि मिनिटं कमी, म्हणजे पाया भरतो आहे. हीच तुमची प्रगती, दुसरी कुणी पुढे गेली की मागे राहिली, याच्याशी तिचा संबंध नाही. तीन महिने असे नीट गेले, दुखणं-खुपणं नसलं, की मग आठवड्यातून एक दिवस थोडं वेगानं धावायला हरकत नाही. कायम हळूच धावायचं असा काही नियम नाही. मोठे खेळाडूही जोरात धावतात, पण साधारण पाच दिवसांतला एक दिवस. आपण नेमकं उलट करतो.

आता लोक काय म्हणतील? म्हणणारच. ‘‘वहिनी, यापेक्षा चालत गेलात तर लवकर पोचाल!’’ हे आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. हसायचं आणि पाढा पुढे म्हणायचा. अवघड असतं ते रस्त्यावरच्या लोकांचं नाही, आपल्याच मनाचं. पहाटे उठल्यापासून डबे, पाणी, शाळा, सासूबाईंची औषधं, ऑफिस असं सगळं आपण घाईघाईत उरकत असतो. ‘‘दिवसभर तर धावतच असते मी, आणखी काय धावायचं?’’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणीचं दुःख खरं आहे. पण त्या धावपळीत दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं, त्यात डोक्याला ताण असतो आणि हृदयाला सलग, संथ काम काही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. हळू धावणं नेमकं तेच देतं.

आणि आणखी एक देतं. दिवसातला हा एकच अर्धा तास असा असतो, जिथे तुम्हाला कुणी ‘लवकर आटप’ म्हणत नाही. उलट हळू जाणं हाच तिथला नियम. तेव्हा उद्या सकाळी सगळ्यात आधी, अंथरुणातून उठण्यापूर्वीच, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि एक मिनिट आपली नाडी मोजा. तो आकडा वहीत लिहा. सुरुवात झाली म्हणायची!